चटकचांदणीची कुळकथा

नावावरून माणसाची परीक्षा करू नये म्हणतात, पण वनस्पतीची तर मुळीच करू नये. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत रस्त्याच्या कडेला, पडीक रानात, शाळेच्या पटांगणात आणि ग्रामपंचायतीच्या कचेरीमागे जे पांढऱ्या फुलांचे झुडूप माजलेले दिसते, त्याला कोणी काँग्रेस गवत म्हणतो, कोणी गाजर गवत म्हणतो आणि जुन्या बायका चटकचांदणी म्हणतात. यांपैकी पहिली दोन्ही नावे फसवी आहेत. ते गवत नाही, आणि गाजराशी त्याचे पानाच्या कातरणीपलीकडे काही नाते नाही. काँग्रेसशी त्याचा संबंध काय, हा प्रश्न मात्र एका वाक्यात निकालात निघण्यासारखा नाही. हा लेख बहुतांशी त्याविषयीच आहे.

आरंभीच सांगून टाकतो की मी वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पोटासाठी मास्तरकी आणि हौसेखातर कादंबऱ्या, असा माझा संसार. परंतु मुलांना परिसर शिकवायचा म्हटला की मास्तराला सर्वज्ञ व्हावे लागते. 'रस्त्याकडेचे एक फूल आणा आणि त्याची ओळख सांगा' असा पाठ दिला की निम्मा वर्ग हेच झुडूप उपटून आणतो, आणि त्यातला एखादा हुशार मुलगा बोट नाचवीत म्हणतो, "सर, पाच पाकळ्या!"

पाच पाकळ्या पाहिल्या की पुस्तकी माणसाचीही पंचाईत होते. बागेतल्या कार्नेशनचे जे कुळ आहे, त्यात पाच पांढऱ्या पाकळ्यांची कितीतरी बारीक रानफुले आहेत, आणि त्यांतली काही परदेशांतून धान्याबरोबर इतर देशांत गेलेलीही आहेत. मग हेही त्यातलेच असेल, असे म्हणायला काय हरकत? हरकत अशी की कार्नेशनच्या कुळात पाने देठावर समोरासमोर जोडीने येतात, पानांच्या कडा अखंड असतात आणि जिथून पाने फुटतात ती पेरे फुगीर असतात. आपल्या या झुडपाची पाने एकाआड एक आणि बारीक कातरलेली. लहानपणी ती जमिनीसरशी चक्रासारखी पसरतात, आणि मग मधून खोड वर येते.

पण खरी गंमत फुलातच आहे. ते फूल नव्हेच. मुगाच्या दाण्याएवढा तो पांढरा गोंडा म्हणजे फुलांचा एक मेळावा. मधोमध कित्येक सूक्ष्म फुले दाटीने बसलेली आणि कडेला बरोबर पाच फुले राखणदारासारखी उभी. आपण ज्यांना पाकळ्या समजतो त्या प्रत्येकी एक स्वतंत्र फूल आहेत. मधल्या फुलांना बी धरत नाही. कडेच्या पाचांना प्रत्येकी एक धरते. गोंड्याला पाचच बिया म्हटल्यावर वाटते, एवढ्याने काय होणार? पण एका भरल्या झुडपावर गोंडे हजारांनी असतात, आणि एक झुडूप पंधरा-वीस हजार बिया सहज टाकते. बी काळे, मोहरीहून बारीक, आणि त्याला दोन वाळक्या फुलांचे अवशेष पंखांसारखे चिकटलेले. त्यांच्या आधाराने ते पाण्यावर तरंगते. कालव्याचे पाणी गावोगाव गेले, त्याबरोबर हेही गेले.

गोंड्याची ही घडण झेंडूच्या कुळाची. सूर्यफूल, शेवंती आणि आपल्याकडची करडई ही सारी त्याच गोतातली. दसरा-दिवाळीला आपण ज्या झेंडूच्या माळा दाराला लावतो, तो झेंडूही मूळचा मेक्सिकोचा, आणि हे झुडूपही त्याच मुलखातले, मेक्सिकोच्या आखाताभोवतालचे. एक भाऊ दारावर तोरण होऊन बसला आणि दुसऱ्याला आपण खुरप्याने उखडतो. मिरची, पेरू, सीताफळ, मका, भुईमूग ही अमेरिकेकडची मंडळी आपण इतकी घरची मानली की त्यांना परकी म्हटले तर लोक रागावतील. शास्त्राने या झुडपाला जे नाव दिले ते पार्थेनियम. लिनियसने १७५३ साली ते ग्रंथात घातले, आणि त्या शब्दाच्या मुळाशी कुमारिका असा अर्थ आहे. अशा उपद्रवी जिन्नसाला इतके सोज्ज्वळ नाव कसे पडले, हे तो लिनियस जाणे.

आता हे आले कधी आणि आणले कोणी?

आपल्याकडचे उत्तर तयार आहे. गावच्या पारावर कोणालाही विचारा: अमेरिकेने पी. एल. ४८० खाली सडका लाल गहू पाठवला, त्याच्या पोत्यांतून हे बी आले, त्या वेळी राज्य काँग्रेसचे होते, म्हणून हे काँग्रेस गवत. दुसरी उपपत्ती अशी की झुडपाच्या माथ्यावरचा पांढरा फुलोरा गांधी टोपीसारखा दिसतो. तिसरी अधिक खट्याळ आहे: एकदा आले की हटत नाही, म्हणून. तिन्ही मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, आणि सांगणाराच्या पक्षाप्रमाणे कोणती खरी ते बदलत असे.

पहिली उपपत्ती तारखांच्या तराजूत घालून पाहू. पी. एल. ४८० हा अमेरिकेचा कायदा जुलै १९५४ मधला. आयसेनहॉवर तेव्हा तेथील अध्यक्ष होते. त्या कायद्याखाली भारताशी पहिला करार झाला तो २९ ऑगस्ट १९५६ रोजी. आणि ज्या कराराने धान्याचा खरा लोंढा सुरू झाला तो मे १९६० मधला. आपले अन्नमंत्री स. का. पाटील यांनी वॉशिंग्टनला जाऊन चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ आणण्याचे ठरवले.

इकडे पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागाचे कार्यालय नुकतेच उघडले होते. तेथील वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी पुण्याच्या परिसरात हे अनोळखी झुडूप पाहिले. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा आधारग्रंथ म्हणजे थिओडोर कुकचा. हा कुक पुण्याच्या सायन्स कॉलेजचा प्राचार्य होता, आणि त्याचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने निघाला. त्यात हे झुडूप नाही. हूकरने साऱ्या हिंदुस्थानच्या वनस्पतींवर जो सात खंडांचा ग्रंथ लिहिला, त्यातही नाही. ज्याची नोंद घरच्या वहीत नाही त्याची ओळख पटवणे किती अवघड असते, हे वाचकांनी मनाशी कल्पून पाहावे. ओळखीच्या झाडाला नाव देणे म्हणजे हजेरीपटातले नाव वाचणे. पण पटात नसलेला मुलगा वर्गात येऊन बसला तर कोणाला विचारायचे? मग परदेशी ग्रंथ काढायचे, गोंडा फोडून भिंगाखाली पाहायचा, कडेची पाच फुले मोजायची, बी तपासायचे. राव यांनी ओळख पक्की केली आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात १९५६ साली ती प्रसिद्ध केली. मथळ्यात त्यांनी त्याला भारतातील नवी नोंद म्हटले. त्या टिपणात आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे. प्रा. परांजपे यांना पुण्यातील उकिरड्यांवर याची तुरळक झुडपे १९५१ सालीच दिसली होती.

म्हणजे पाहा, करार १९५६ चा आणि उकिरड्यावरचे झुडूप १९५१ चे. पी. एल. ४८० वर ठेवलेला पहिल्या आगमनाचा आरोप येथेच कोसळतो. कायदाच जन्माला आला नव्हता, तर त्याची पोती कुठून येणार?

पण आरोपी सुटला म्हणजे गुन्हा झालाच नाही असे होत नाही. अमेरिकेचा गहू त्या करारापूर्वीही आलेला आहे. १९५१ च्या जूनमध्ये ट्रूमन यांनी सही केलेल्या एका निराळ्या कायद्याने भारताला १९ कोटी डॉलरचे कर्ज मिळाले आणि त्यातून २० लाख टन धान्य घ्यायचे ठरले. त्याच्याही आधी, स्वातंत्र्याच्या आगेमागे, परदेशी धान्याची जहाजे मुंबईला लागतच होती. तेव्हा धान्याच्या पोत्यातून बी आले, ही शंका वाजवी आहे. फक्त तिला जो कायद्याचा क्रमांक चिकटवला तो चुकीचा. पुढे साठच्या दशकात जे प्रचंड धान्य आले, त्यातून आणखी बी येऊन पडले असणेही शक्य आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड प्रांतात टेक्ससहून आणलेल्या चाऱ्याच्या बियाण्यातून हेच झुडूप १९६० च्या सुमारास पसरले. इथिओपियातले शेतकरी आजही त्याचा दोष दुष्काळात आलेल्या मदतीच्या धान्याला देतात. उपाशी माणसाला पोते उघडताना त्यातले तण निवडत बसायला सवड नसते.

ही हकीकत येथेच संपली असती तर ती सरळ होती. पण १९७८ साली देहरादूनच्या वन संशोधन संस्थेतील बेनेट, नैथानी आणि रायझादा या वनस्पतिशास्त्रज्ञांनी जुने कागद आणि वाळवलेले नमुने चाळले, आणि नव्या नोंदीच्या नवेपणालाच धक्का बसला. देहरादूनच्या संग्रहात या झुडपाचा एक नमुना निघाला, ब्रँडिसने १८८० साली गोळा केलेला. ब्रँडिस म्हणजे ब्रिटिश अमदानीत आपल्या जंगलखात्याचा पाया घालणारा जर्मन गृहस्थ. आणि त्याच्याही मागे, कलकत्त्याच्या कंपनी सरकारच्या बागेचा अधीक्षक रॉक्सबर्ग याने बागेतल्या झाडांची जी यादी केली, तीत हे नाव आहे. ती यादी १८१४ साली श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात छापली गेली.

श्रीरामपूर म्हणताच नगर जिल्ह्यातले गाव डोळ्यांपुढे येईल. हे ते नव्हे, हे बंगालमधले. यादी छापवून घेणारा होता विल्यम केरी. मराठी भाषेच्या अभ्यासकांना केरी परका नाही. १८०५ साली मराठीचे व्याकरण छापणारा तोच. आमच्या भाषेच्या नामविभक्ती जिथे छापील कागदावर मांडल्या गेल्या, तिथूनच आमच्या रस्त्याकडेच्या या उपद्व्यापी झुडपाचे नावही छापून निघाले. मला हा योग फार विलक्षण वाटतो. इतरांना वाटेल की नाही, कोण जाणे.

म्हणजे पेशवाई अजून पुण्यात नांदत होती तेव्हाच हे झुडूप हिंदुस्थानात येऊन बसले होते, फक्त बागेच्या कुंपणात. मग दीडशे वर्षे ते गप्प कसे राहिले? याला एक उत्तर असे देता येते की बागेत लावलेले झाड आणि उकिरड्यावर आपण होऊन उगवलेले झाड यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्याला माळी असतो, दुसऱ्याला रस्ता असतो. १९५० नंतर आपल्याकडे रस्ते झाले, कालवे झाले, मालमोटारी वाढल्या. एका ठिकाणची माती आणि मुरूम उचलून दुसऱ्या ठिकाणी टाकण्याचे दिवस आले. ज्या जमिनीवरचे मूळचे गवत खरवडले गेले आहे तीच या झुडपाला लागते. भरल्या कुरणात ते सहसा शिरत नाही. कुरण मोडले की ते हजर.

पुण्याहून बाहेर पडायला त्याला दोन वाटा आयत्याच होत्या. एक नगरचा रस्ता, जो शिरूरला घोड नदी ओलांडतो. दुसरा सोलापूरचा रस्ता आणि त्याच्या आगेमागे धावणारी रेल्वे, जिच्यावर दौंडचे जंक्शन आहे. दौंडहून मनमाडकडे फुटणारा लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. त्याच्या मातीकामावर १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळातली माणसे राबली होती. दुष्काळाने बांधलेला मार्ग आणि त्यावरून दुष्काळासाठी आलेले धान्य, अशी या गावाची आणि भुकेची जुनी सोयरीक आहे. मालगाडीतून सांडलेले दाणे वेचायला रुळांच्या कडेला बाया जात. त्या दाण्यांबरोबर आणखी काय सांडत होते, ते पाहायला कोणाला वेळ होता?

माझे आजोबा भीमेकाठचे. त्यांच्या सांगण्यात सालांची पद्धत नव्हती. 'बहात्तरच्या आधी' आणि 'बहात्तरच्या नंतर' असे दोनच कालखंड होते. १९७२ च्या दुष्काळात माणसे खडी फोडायला, बंडिंगला आणि तळी खोदायला गेली. तिथे सुकडी मिळाली, रेशनवर तांबडी मिलो मिळाली. ती भाकरी घशाखाली उतरत नसे आणि तरी उतरवावी लागे. आजोबांच्या हिशेबी ही पांढरी चांदणी त्यानंतरची. "मिलो खाल्ली आन् हे उगवलं," असे ते म्हणत. शास्त्राच्या हिशेबात हे बसत नाही, कारण पुण्यातल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे वा. द. वर्तक यांनी १९६८ सालीच एका कृषिविषयक मासिकात लिहून इशारा दिला होता की हे तण महाराष्ट्रातील पिकांना आणि कुरणांना धोका झाले आहे. नवी नोंद म्हणून ज्याचे कौतुक छापले गेले, ते बारा वर्षांत धोका म्हणून छापले गेले. परंतु आजोबांच्या बोलण्यात मला दुसरे एक सत्य दिसते. दुष्काळी कामांनी गावोगावची जमीन उकरली गेली, बांध पडले, रस्ते झाले, आणि उकरलेल्या मातीवर पहिल्या पावसात हे उगवले. त्यांनी कारण चुकीचे सांगितले असेल, पण पाहिले ते बरोबर पाहिले.

आता या ओळख पटवण्याच्या उद्योगाची किंमत काय, असे कोणी विचारील. पाच फुले मोजून काय साधते? याचे उत्तर माझ्याजवळ पुस्तकातले नाही, घरातले आहे. आमची चुलती जन्मभर रोजाने खुरपायला गेली. चाळिशीच्या पुढे तिच्या हातांना खाज सुटू लागली. मग कोपरापर्यंत, मग मानेवर, पापण्यांवर. उन्हात गेली की चेहरा सुजे आणि कातडी जाड होऊन काळवंडे. कोणी म्हणाले रक्त बिघडले, कोणी म्हणाले अंगात उष्णता, एकाने करणीही काढली. शेजारणी तिच्या हातचे पाणी घ्यायला कचरू लागल्या, आणि तेच तिला खाजेपेक्षा जास्त लागले. मलमे झाली, इंजेक्शने झाली. आठ-दहा दिवस बरे वाटे, की पुन्हा रानात.

शेवटी पुण्याच्या एका डॉक्टरांनी तिच्या पाठीवर निरनिराळ्या द्रव्यांच्या पट्ट्या चिकटवल्या आणि दोन दिवसांनी बोलावले. एक पट्टी जिथे होती तिथे लाल चट्टा उठला होता. डॉक्टरांनी विचारले, "आजी, रानात पांढऱ्या फुलांचं गवत उपटता का?"

चुलती म्हणाली, "चटकचांदणी व्हय? रोजच की. दुसरं हाय काय रानात?"

त्या झुडपात पार्थेनिन नावाचे कडू द्रव्य असते. ते पानांच्या लवेत असते, परागात असते, आणि वाळून धूळ झालेल्या झुडपातही राहते. पुण्याकडच्या रुग्णांचा हा विकार डॉ. लोणकर यांनी दोघा परदेशी त्वचारोगतज्ज्ञांच्या साहाय्याने १९७४ साली वैद्यकीय नियतकालिकात मांडला होता. म्हणजे राव यांनी १९५६ साली झुडपाला नाव दिले, म्हणून १९७४ साली रोगाला कारण देता आले, आणि त्यामुळे किती तरी वर्षांनी आमच्या चुलतीला समजले की तिचे रक्त बिघडलेले नाही. ती पूर्ण बरी झाली असे मी म्हणणार नाही. खुरपायला जाणे बंद केले तेव्हा बरीच उतार पडली, पण खुरपे ठेवले म्हणजे रोजही गेला. मात्र शेजारणी पुन्हा तिच्या ओट्यावर येऊन बसू लागल्या. 'चटक' हा शब्द तिच्या तोंडी आधीपासून होता. त्या नावातच चटका होता. तो कोणी ऐकला नव्हता इतकेच.

याच्या बंदोबस्ताची हकीकतही ऐकण्यासारखी आहे. फड्या निवडुंग हाही अमेरिकेचाच पाहुणा. त्याने एके काळी दख्खनचे माळ गिळले होते, आणि १९२६ साली सिंहलद्वीपातून आणलेल्या एका पांढुरक्या किड्याने त्याचा फडशा पाडला. त्याच धर्तीवर १९८३ साली मेक्सिकोहून एक भुंगेरा बंगळूरला आणला. अंगावर पिवळसर पांढऱ्या आणि काळ्या रेघा, आकाराने तुरीच्या डाळीएवढा. वर्षभर तपासून, तो आपली पिके खात नाही अशी खात्री करून १९८४ साली सोडला. पावसाळ्यात तो आपल्याकडेही दिसतो. मुले त्याला काडेपेटीत कोंडतात. मी ती उघडायला लावतो. जुलै-ऑगस्टात तो झुडपांची चाळण करतो, पण पावसाळा ओसरला की मातीत शिरून झोपतो, आणि ओल मिळाली की झुडूप त्याची वाट न पाहता फुलते. निवडुंगाच्या किड्याने केले तसे काम याला साधलेले नाही.

अलीकडे रस्त्याच्या कडेला आणखी एक मंडळी जागा धरू लागली आहे. टाकळ्याच्या जातीचे, पिवळ्या फुलांचे, दाट वाढणारे एक झुडूप. ते जिथे फोफावते तिथे चांदणी मागे हटते, असे शेतकी शास्त्रज्ञांनी प्रयोग करून पाहिले आहे, आणि न्हावऱ्याकडून पारगावचा पूल ओलांडून केडगावला जाताना कोणालाही ते डोळ्यांनी दिसेल. गावकरी खूष आहेत. शेळ्या त्यालाही फारसे तोंड लावीत नाहीत, पण निदान अंगाला खाज सुटत नाही. हे झुडूपही उष्ण अमेरिकेतूनच आलेले आहे. त्याला गावात अजून निराळे नाव पडलेले नाही. लोक नुसते टाकळाच म्हणतात.